गच्चीवरची हजेरी

हॉस्टेलच्या पहिल्याच आठवड्यात रूममेटने विचारलं, "तुमच्या घरी पेट्स आहेत का गं?" मी म्हटलं, "पाळलेलं एकही नाही. पण येऊन-जाऊन सतरा वानरं, बारा पाली, एक बांडी खार आणि कधीकधी संध्याकाळी एक मुंगूस." ती बिचारी पुण्याची. दोन मिनिटं माझ्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "सतरा? मोजलीस?"

मोजली. हा लेख त्या मोजण्याबद्दलच आहे. मराठी विभागाला काहीतरी दे म्हणून मागे लागलेल्या आमच्या सीआरला मी आधीच सांगून ठेवलंय की मी पडले कॉन्व्हेंटवाली, ऱ्हस्व-दीर्घ तुमचं तुम्ही बघून घ्या. तर मित्रांनो, चुका दिसल्या तर त्या माझ्या, आणि न दिसल्या तर त्याचं श्रेय तिचं.

आमचं घर कारंजा (लाड) इथलं, जिल्हा वाशिम. गावाच्या अगदी कडेला. मागे एक जुनी चिंच, रस्त्यापलीकडे कडुनिंब आणि त्याच्या पुढे तुरीचं शेत. कारंज्याचं नाव प्राण्यांच्या संदर्भात निघालं तर लोकांना कारंजा-सोहोळ अभयारण्य आठवतं. ते काळविटांसाठी राखलेलं, जेमतेम अठरा चौरस किलोमीटरचं माळरान. पण काळवीट काही कोणाच्या घरी येत नाही. घरी येतं ते वानर. आमच्याकडे माकड वेगळं आणि वानर वेगळं बरं का! माकड म्हणजे लालतोंड्या. वानर म्हणजे काळ्या तोंडाचं, करड्या अंगाचं, लांब शेपटी पाठीवरून पुढे वळवून ऐटीत चालणारं. त्यातला जो मोठा नर टोळी सांभाळतो, तो हुप्प्या.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाली तेव्हा मी नववीत होते. एप्रिलमध्ये आजीने गच्चीवर कुरड्या वाळत घातल्या आणि तासाभरात टोळीने त्या साफ केल्या. सगळ्यांनी एकमताने निकाल दिला: हुप्प्याचं काम! दुसऱ्या दिवशी मला राखणीला बसवलं. ऑनलाइन क्लास कानात आणि काठी हातात. मी पाहिलं ते असं, की हुप्प्या पाण्याच्या टाकीवर पाठ करून बसला होता आणि कुरड्या पळवत होती ती दोन अर्धवट वयाची पोरं. त्यातल्या एकाच्या शेपटीला टोकाशी गाठ होती. माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो इथे. आपण "वानरांनी खाल्लं" म्हणतो, पण खाणारा कोणीतरी एक असतो, आणि तो कोण हे शोधून काढता येतं.

शोधायला मात्र वेळ लागतो. पहिले आठ दिवस सगळे सारखेच दिसतात. नवीन वर्गात सगळे एकाच युनिफॉर्ममध्ये बसलेले असतात ना, तसं. मग हळूहळू एकेक सुटा होतो. माझा अनुभव सांगते, चेहऱ्यापासून सुरुवात करू नका. कानापासून करा. भांडणात कान फाटतात आणि फाटलेला कान पुन्हा भरून येत नाही. त्यानंतर शेपटी: कुठे वाकलेली, कुठे तुटलेली, टोकाला झुपका किती. मग हातापायाची बोटं. मी वहीत प्रत्येकासाठी एक पान केलं. डावा कान, उजवा कान, शेपटी आणि "इतर". रेखाटन अगदी बालवाडी छाप, पण फोटोपेक्षा तेच जास्त कामाला आलं. कारण कान कुठे फाटलाय हे काढायला बसलं की नीट बघावंच लागतं.

या प्रकारात प्रॉक्सीही लागते, ऐका. पहिल्या महिन्यात माझ्या हिशोबाने टोळी एकोणीसची होती. खरी होती सतरा. नाकावर ताजं खरचटलेली एक मादी मी वेगळी धरली होती. पंधरा दिवसांत खपली पडली आणि ती "नाहीशी" झाली. दुसरी एक पावसात भिजून निम्मी दिसत होती, तिलाही मी नवीन नंबर देऊन टाकला. तेव्हापासून नियम केला की जखम ही खूण नाही, आणि एका खुणेवर हजेरी लावायची नाही. दोन पक्क्या खुणा जुळल्या तरच "हजर".

पुढे वाचनात आलं, की वाघ मोजणाऱ्यांनाही हाच घोळ निस्तरावा लागतो. पूर्वी आपल्याकडे वाघ पंज्याच्या ठशावरून मोजत. एकाच वाघाचा ठसा चिखलात वेगळा आणि वाळूत वेगळा, त्यामुळे तिथे प्रॉक्सीला भरपूर वाव. के. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेमध्ये कॅमेरा ट्रॅप वापरून पट्ट्यांवरून वाघ ओळखायला सुरुवात केली. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे, आपल्या अंगठ्याच्या ठशासारखे. पण गंमत म्हणजे एकाच वाघाची डावी आणि उजवी बाजूही वेगळी असते. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावतात. नाहीतर डावीकडून दिसलेला आणि उजवीकडून दिसलेला असे एकाचे दोन वाघ व्हायचे!

एकेकाची ओळख पटल्यामुळे काय कळतं याचं उदाहरण आमच्याच भागातून गेलं. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला एक तरुण वाघ. त्याला फेब्रुवारी २०१९ मध्ये रेडिओ कॉलर लावली होती. जूनमध्ये तो निघाला आणि शेतं, नाले, रस्ते ओलांडत वर्षाच्या शेवटी बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या वर चालला. इंग्रजी पेपरांनी त्याला "वॉकर" नाव दिलं. कॉलर नसती तर काय झालं असतं? वाटेतल्या प्रत्येक गावाने "आमच्याकडे वाघ आलाय" अशी वेगळी बातमी दिली असती आणि पेपरात डझनभर वाघ छापून आले असते.

आणि आपला आजोबा! २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेला एक म्हातारा बिबट्या. विद्या अत्रेय यांच्या टीमने त्याला कॉलर लावून माळशेज घाटात सोडलं. तो तिथून चालत, रेल्वे लाइन ओलांडून, खाडी पोहून थेट मुंबईच्या बाजूला पोचला. सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. इतका प्रवास करून कोणाला ओरखडाही काढला नाही. २०११ च्या डिसेंबरमध्ये रस्त्यावर गाडीच्या धडकेने गेला. त्याच्यावर निघालेला सिनेमा (२०१४) बहुतेकांनी टीव्हीवर पाहिला असेल.

असो. वाघ-बिबटे मोठ्या लोकांसाठी. हॉस्टेलवर राहून करता येण्यासारखा प्रयोग सांगते, तो पालींचा. आपल्या कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटभोवती किती पाली आहेत? एका वेळी तीन-चारच दिसतात. मोबाइलवर फोटो काढा. पाठीवरचे ठिपके आणि शेपटी बघून प्रत्येकीला ओळखा. घरी मला पहिल्या तीन रात्रींत ९ वेगवेगळ्या पाली सापडल्या. आठवड्याने पुन्हा मोजल्या तेव्हा ८ दिसल्या, आणि त्यांतल्या ६ ओळखीच्या निघाल्या. आता साधं गुणोत्तर मांडा. दुसऱ्या वेळच्या ८ मध्ये ओळखीच्या ६, तर एकूण संख्येत ओळखीच्या ९. म्हणजे एकूण बरोबर ९ गुणिले ८ भागिले ६. उत्तर १२. न दिसलेल्या पालीसुद्धा मोजल्या गेल्या! तळ्यातले मासे याच युक्तीने मोजतात. अट एवढीच, की मधल्या काळात कोणी आलं-गेलं नसावं आणि खूण पुसली जाऊ नये. इथेच पाल दगा देते, कारण ती शेपटी टाकते. नव्याने उगवलेली शेपटी आखूड, गुळगुळीत आणि वेगळ्याच रंगाची. त्यामुळे शेपटीवर विसंबू नका, ठिपके बघा. आमच्या मेसमधल्या पालींवर हा प्रयोग करायची माझी फार इच्छा आहे, पण उत्तर कळल्यावर जेवण जाईल का, हा प्रश्न आहे.

खारीचं थोडक्यात. रामाने पाठीवरून तीन बोटं फिरवली म्हणून खारीला तीन पट्टे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. आमच्या अंगणातल्या खारीचे मोजा, पाच भरतील. कडेचे दोन फिके असतात. आमची बांडी ओळखायला अक्कल लागत नाही, तिची निम्मी शेपटी मांजराने नेली. पक्षी मात्र जाम अवघड. चिमण्यांत नर-मादी कळते, त्यापुढे गाडी जात नाही. डॉ. सालिम अली लहान असताना (१९०६-०७ ची गोष्ट) त्यांनी घोड्याच्या तबेल्यातल्या एका घरट्याजवळचा चिमणा छर्‍याच्या बंदुकीने मारला. चिमणीने लगेच दुसरा जोडीदार आणला. त्यांनी तोही मारला. सात दिवसांत असे आठ! प्रत्येक वेळी नवाच चिमणा आला हे नक्की कसं? तर आधीचा मेलेला होता म्हणून. आपल्या भाषेत याला डिस्ट्रक्टिव्ह टेस्टिंग म्हणतात. पुढे हेच सालिम अली १९३० मध्ये नोकरी नसताना किहीमला राहत होते. तेव्हा घराजवळच्या सुगरणींच्या वसाहतीसमोर शिडीवर आडोसा करून ते रोज बसत, आणि कोणता नर कोणत्या खोप्यावर, कोणती मादी कुठे शिरली, हे टिपत. त्यातून कळलं की नर खोपा अर्धा विणतो, मादी येऊन तपासते, तिला पसंत पडला तर नर तो पुरा करतो आणि लगेच पुढचा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. गोळी न घालता आणि कितीतरी जास्त माहिती.

आता पुन्हा आमच्या गच्चीवर. मी सुरुवातीला नंबर दिले होते: एल-१, एल-२ वगैरे. सायन्सची ऐट! आजीला ते काही लक्षात राहिना. तिने आपली नावं ठेवली. हुप्प्या तो पाटील. डाव्या कानाला इंग्रजी व्ही आकाराची खाच असलेली मादी ती कातरी. शेपटीला गाठवाला तो गाठोडं. सगळ्यांची पिल्लं सांभाळणारी म्हातारी ती मावशी. महिन्याभरात माझे नंबर मीच विसरले. नंतर वाचलं की जेन गुडॉल १९६० साली आफ्रिकेत गोंबेला चिंपांझी बघायला गेली, तेव्हा तिनेही नावं दिली होती. केंब्रिजच्या विद्वानांनी तिला सुनावलं, नावं नको, नंबर द्यायचे असतात. तिने ऐकलं नाही. डेव्हिड ग्रेबियर्ड नावाचा करड्या दाढीचा चिंपांझी आधी तिला घाबरेनासा झाला, तिच्या तंबूपाशी येऊ लागला, आणि काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना तिला दिसला तोही तोच. जपानी संशोधक तर त्याआधीपासून माकडांना नावं देत होते. १९५३ मध्ये कोशिमा बेटावर रताळी पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली ती दीड वर्षाच्या इमो नावाच्या माकडिणीने. तिचं बघून बरोबरीची पोरं शिकली, मग आया शिकल्या. मोठे नर शेवटपर्यंत मातीसकट खात राहिले. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

नाव दिल्यावर एक होतं. ज्याला नाव आहे त्याचं दुखलं की आपल्यालाही दुखतं. २०२२ च्या पावसाळ्यात एक बाहेरचा नर आला. चार दिवस चिंचेवर नुसता हूप-हूप आणि दातांचं कराकरा. पाचव्या दिवशी पाटील निघून गेला, पुन्हा दिसला नाही. आजीने नव्याचं नाव नवरदेव ठेवलं. त्यानंतरच्या आठवड्यात कातरीचं पिल्लू मेलं. वानराचं पिल्लू जन्मतः काळपट असतं, काही महिन्यांनी करडं होतं. हे अजून काळंच होतं. नवरदेवाने चावा घेतला तो मी स्वतः पाहिला. कातरी ते मेलेलं पिल्लू दोन दिवस छातीशी धरून फिरत होती. गच्चीवर यायची, ते खाली ठेवायची, पुन्हा उचलायची. आजी म्हणाली, "हाण त्या मेल्याले गोटा!" मी हाणलाही. लागला नाही.

तो असं का करतो? धारवाडजवळ १९६० च्या दशकात युकिमारु सुगियामा या जपानी संशोधकाने हे पहिल्यांदा नीट नोंदवलं. मग १९७१ पासून सारा हर्डी या अमेरिकन बाईंनी माउंट अबूच्या वानरांवर काम केलं. कोणती मादी, कोणाचं पिल्लू, कोणता नर कधी आला, हे एकेकाला ओळखून. हुप्प्याची टोळीवरची सत्ता सरासरी दोन-सव्वादोन वर्षं टिकते. मादी पिल्लाला पाजत असते तोवर ती पुन्हा गाभण राहत नाही. म्हणजे नव्या हुप्प्याने वाट बघायची ठरवली तर त्याची निम्मी कारकीर्द दुसऱ्याची पिल्लं मोठी होण्यात जाणार. पिल्लू गेलं की मादी लवकर माजावर येते. हर्डी यांनी हा हिशोब मांडला तेव्हा पुष्कळांना तो पटला नाही. गर्दीमुळे बिघडलेल्या वानरांचा वेडेपणा, असं म्हणणारे होते. नेपाळमधल्या रामनगरच्या वानरांचे डीएनए तपासून १९९९ मध्ये निष्कर्ष आला, की पिल्लांवर हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते. गणित बरोबर होतं.

हे सगळं मी आजीला समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समजलं वं. पन मले तो आवडत नाई." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मे २०२३ मध्ये कातरीला पुन्हा पिल्लू झालं, नर. गावातली कुत्री अंगावर आली तेव्हा त्याच्यासाठी मध्ये पडला तो नवरदेवच. आजीने नाव बदललं नाही, पण गोटे थांबले.

आजीचं आणखी एक होतं. रोज एक पोळी कातरीला. देवाचा नैवेद्य तो, त्याला कोण काय बोलणार? मी वहीत नोंद ठेवली. पोळी ठेवलेल्या २२ दिवसांपैकी १६ दिवस गच्चीवर मारामारी, न ठेवलेल्या २० दिवसांपैकी ५. शिवाय वानराचं पोट गायीसारखं कप्प्याकप्प्यांचं. त्यात पाला आंबवणारे जिवाणू असतात. पोळी, बिस्किट, गोडधोड त्याला मानवत नाही. जेन गुडॉलनेही सुरुवातीला चिंपांझींना केळी ठेवली होती. त्यापायी त्यांची भांडणं इतकी वाढली की केळी कमी करावी लागली. मी आकडे दाखवले. आजीने पोळी बंद केली आणि आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

आता जे सांगायचं म्हणून हा लेख लिहायला घेतला, ते सांगते.

२०२४ मध्ये बाबांनी छतावर सोलर बसवायचं ठरवलं. तीन किलोवॅट, सरकारी योजनेत ७८ हजारांची सबसिडी. तेव्हा मी इलेक्ट्रिकलच्या सेकंड इयरला गेले होते. घरात एकदम इंजिनिअर! दिवाळीच्या सुट्टीत मी लॅपटॉपवर सावलीचा हिशोब केला. पॅनल सिरीजमध्ये असतात, एकावर सावली पडली तर सगळ्या रांगेचं उत्पादन खाली येतं. चिंचेची एक आडवी फांदी दुपारी तीननंतर दोन पॅनल झाकत होती. वर्षाचं अकरा टक्के नुकसान. मी ग्राफ काढून बाबांना दाखवला आणि नोव्हेंबरमध्ये ती फांदी तोडली.

ती फांदी म्हणजे वानरांचा रस्ता होता. चिंचेवरून तिच्यावर, तिच्या टोकावरून रस्त्यापलीकडच्या निंबावर उडी. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझ्याच वहीत पान नंबर चारवर चित्र आहे त्याचं, बाण दाखवून. दोन वह्या होत्या माझ्याकडे, एक वानरांची आणि एक सोलरची. एक उघडली तेव्हा दुसरी उघडली नाही, एवढंच.

फांदी गेल्यावर टोळी गच्चीच्या कोपऱ्यावरून विजेच्या खांबावर आणि तिथून निंबावर जाऊ लागली. तारेवर बसलेल्या चिमणीला काही होत नाही, हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. दोन्ही पाय एकाच तारेवर, व्होल्टेजमध्ये फरक नाही, करंट वाहायचं कारण नाही. पण वानर चिमणीएवढं नसतं. आमच्याकडच्या उघड्या एल.टी. लाइनच्या तारा एकाखाली एक आहेत. हात वरच्या फेजला, पाय खालच्या फेजला, मधे सुमारे ४०० व्होल्ट. खांबाचं लोखंड आणि एक फेज यांत सापडलं तरी २३० आहेतच. जानेवारी २०२५ मध्ये, मी हॉस्टेलवर असताना भावाचा फोन आला. "ताई, मोठा आवाज झाला आन् लाइट गेली. कातरी खाली पडली." थोड्या वेळाने उठून ती चिंचेवर चढली म्हणे. वन विभागाच्या १९२६ नंबरवर फोन केला. माणसं आली, पण ती उंच शेंड्यावर. पकडायच्या धडपडीत पडली तर मरेल, त्यापेक्षा लक्ष ठेवा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ती टोळीबरोबर दिसली नाही. भाऊ रोज वहीत तिच्यापुढे "गैरहजर" लिहून मला फोटो पाठवायचा. मिड-सेमच्या आदल्या रात्रीही पाठवला.

अकराव्या दिवशी फोटोत "हजर" होतं. उजवा हात कोपराखाली काळा पडून वाळलेला. पुढे दोनेक महिन्यांत तो गळून पडला. जखम बरी झाली. कातरीला आता कानाची खाच बघून ओळखायची गरज उरलेली नाही.

फेब्रुवारीत घरी गेले तेव्हा बाबांनी स्वतःच विषय काढला. तारांच्या जागी इन्सुलेशनवाली एबी केबल टाकावी म्हणून आम्ही गल्लीतल्या अकरा घरांच्या सह्यांचा अर्ज दिला. पण तोवर काय? गच्चीपासून निंबापर्यंत जाड दोर बांधला. खांबाच्या विरुद्ध कोपऱ्यातून, तारांपासून चांगला लांबून. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुमी वानरांसाठी पूल बांधता का वं?" ते ऐकून बाबा थोडे ओशाळले, पण गाठ मात्र त्यांनीच पक्की केली.

तीन आठवडे दोराकडे कोणी ढुंकून बघितलं नाही. नवरदेव गच्चीत बसून त्याच्याकडे बघायचा आणि खांबाकडे वळायचा. भाऊ काठी घेऊन तिथे उभा राहायचा. त्याला बघून मात्र ती पळत. वानरांनाही आपल्यातली माणसं वेगवेगळी कळतात, आजीला कोणी घाबरत नाही. (कावळ्यांचं तर सिद्धच झालंय. जॉन मार्झलफ यांनी २००६ मध्ये सिअॅटलला आदिमानवाचा मुखवटा घालून कावळे पकडले, तर नंतर तो मुखवटा घालून कोणीही फिरलं तरी कावळे कलकलाट करत. वर्षानुवर्षं!) चौथ्या आठवड्यात दोरावरून पहिला गेला तो कातरीचा पोरगा, तेव्हा वय बावीस महिने. अर्ध्यात लोंबकळला, परत आला, पुन्हा गेला. दोन दिवसांत गाठोडं गेलं, मग माद्या. नवरदेव एप्रिल उजाडेपर्यंत खांबावरच अडून होता. इमोची गोष्ट आठवली ना?

कातरी दोरावरून जात नाही. एका हाताने दोर धरवत नाही तिला. ती चिंचेवरून खाली उतरते, फाटकाशी थांबते, दोन्हीकडे बघते आणि जमिनीवरून रस्ता ओलांडते, तीन पायांवर. दुपारी शाळेच्या रिक्षा असतात तेव्हा आजी फाटकात उभी राहून रिक्षावाल्यांना हात दाखवते. एबी केबल अजून आलेली नाही. अर्जाची पोच माझ्या वहीत चिकटवलेली आहे, पान नंबर चारवर.

या दिवाळीत घरी गेले होते. सकाळी सव्वासातला टोळी आली. कातरी सर्वांत शेवटी, फाटकातून. पोटाशी काहीतरी काळं चिकटलं होतं. माझ्या आधी आजीलाच दिसलं. "अवं पाय, पाय, लेकरू हाय तिच्यापाशी!" पिल्लाने डाव्या कुशीला घट्ट पकड घेतली होती, कारण उजवीकडून धरायला आईचा हात नाही. भावाने वहीत कातरीपुढे "हजर" लिहिलं आणि खाली पट्टी घेऊन एक नवीन ओळ आखली. नावाची जागा कोरी आहे. आजी म्हणाली, बारसं बाराव्या दिवशी, आत्ता घाई नाही.